वर बघू नका, मॅडम

जळकोटच्या त्या क्लासातले कम्प्युटर इतके जुने, की नेहमीचे निरोपांचे प्रोग्रॅम उघडले की थिजून बसत. म्हणून रूपाली मॅडमनी शोधून एक इवलासा, नुसत्या अक्षरांचा प्रोग्रॅम टाकला होता. पोरींनी एकमेकींना निरोप धाडायचे, तेवढाच टायपिंगचा सराव. घरचे त्यांच्या हाती मोबाइल देत नव्हते. इथं मात्र बोटं भराभर धावायची.

त्या दुपारी रूपालीच्या पडद्यावर तनुजाचा निरोप उमटला.

"मॅडम, वर बघू नका. आत्या दारात बसली हाय. रविवारी माझं लगीन हाय."

तनुजा समोरच, मान खाली घालून बसलेली. दहावीतली पोर, सोळाही पुरी नव्हती.

"तुझ्या मनात आहे?" रूपालीनं लिहिलं.

"न्हाई. मला शिकायचंय. बापूला म्हणलं तर लई मारलं."

दारातून आत्या, कोंडाबाई, कौतुकानं म्हणाली, "मॅडम, गुणाची हाय ना आमची पोर? मान वर करत न्हाई."

"हो," रूपाली कशीबशी म्हणाली.

क्लास सुटताच तिनं बालविवाह रोखणाऱ्या हेल्पलाइनला फोन लावला. दुसऱ्या दिवशी तनुजाच्या गावी पथक आलं. तिचे वडील शेषेराव हात जोडून पुढं झाले. "कसलं लगीन, साहेब? घरात पूजा हाय." सरपंचांनीही मान डोलावली. हमीपत्रावर सह्या झाल्या, चहा झाला, जीप गेली. तनुजाला बाजूला घेऊन कुणी एका शब्दानं विचारलं नाही.

शुक्रवारीच, धर्माबादकडच्या पाहुण्यांच्या शेतात, आखाड्यावरच्या गोठ्यापुढं अक्षता पडल्या. गावातून टेम्पो भरभरून माणसं गेली.

प्रोग्रॅमवरच्या निरोपावरून रूपालीनं फोन केल्याचं फुटलं, तेव्हा क्लासचे मालक शिवशंकर यांनी तो काढून टाकायला लावला. "पोरी यायच्या बंद झाल्या, मॅडम. टायपिंग शिकवा की. लोकांच्या घरात कशाला शिरता?"

दिवाळीच्या सुमारास लातूरच्या बसस्थानकावर तनुजा दिसली. पोट पुढं आलेलं, चेहरा सुकून गेलेला. सासू पाणी आणायला गेली होती. रूपाली धावतच तिच्याजवळ गेली.

"माझ्या फोनानं काहीच थांबलं नाही गं. उलट दोन दिवस आधीच उरकलं. माफ कर मला."

तनुजानं सासू गेली त्या दिशेला एकदा पाहून घेतलं.

"तुमी फोन तरी केला, मॅडम," ती म्हणाली. "बाकी सगळे जेवायला आलते."