‘टक’ आवाज आला होता का?

सकाळपासून चाळीस फोन घेतले. प्रत्येकाचं आधी एकच, "तुमचे साहेब म्हणजे देवमाणूस हो!" मग किटलीचा नंबर, मग पत्ता.

आमचे मोठे साहेब परवा टीव्हीवर आले आणि सरळ म्हणाले, "किटलीच्या झाकणाची खिट्टी सदोष आहे. चूक आमची, वापरणाऱ्यांची नाही. किटल्या परत पाठवा." कागद न बघता बोलले. माणूस खोटा नाही, मी नावं ठेवणार नाही. पण तेव्हापासून लोकांनी त्यांना डोक्यावर घेतलंय आणि तक्रार विभागात आमचं डोकं उठलंय. घरीसुद्धा सुटका नाही. आई म्हणते, "भाग्य लागतं असा मालक मिळायला." मी म्हणते, "हो गं बाई, वाढ आता."

एकेचाळिसावा फोन एका बाईचा होता. साहेबांचं कौतुक नाही, काही नाही.

"ताई, मी आठ महिन्यांपूर्वीही फोन केला होता. माझ्या मुलीच्या पायावर उकळतं पाणी सांडलं होतं."

मी जुनी तक्रार उघडली. खाली माझंच नाव. शेरा : वापरातील चूक.

आमच्या फॉर्मवर एक प्रश्न असतो. झाकण लावताना 'टक' असा आवाज आला होता का? कोणाला आठवतो हो आवाज? लेकरू किंचाळत असतं, पाय भाजलेला असतो. ग्राहक म्हणाला, "आठवत नाही," की 'वापरातील चूक'वर खूण करायची. तक्रार बंद. बंद झालेली तक्रार वर जातच नाही, म्हणून तर साहेबांना इतके दिवस पत्ता नव्हता. दोन वर्षं मी त्या खुणा करत आले, हात एकदाही अडखळला नाही. या बाईला तर वर शहाणपणा शिकवला होता, "लहान मूल घरात असताना लक्ष द्यायला हवं ना."

"तेव्हा फोन स्पीकरवर होता," ती म्हणाली. "सासूबाईंनी सगळं ऐकलं. त्या दिवसापासून मुलीला अंघोळ त्याच घालतात. मी गरम पाण्याजवळ गेले की मुलगीच ओरडते, आजी, आई आली! मला नवी किटली नको. फक्त सासूबाईंना सांगा, चूक माझी नव्हती."

"टीव्हीवर साहेबांनी सांगितलंय की," मी म्हटलं. भ्याले होते, खरं सांगते.

"सासूबाईंनी ते ऐकलंय. थांबा, देते त्यांना."

सासूबाईंचा आवाज ठणठणीत. "हे बघा, तुमचे साहेब मोठ्या मनाचे. दुसऱ्याची चूकसुद्धा अंगावर घेतात. म्हणून काय खरं ते बदलतं? तुम्हीच म्हणाला होतात ना, हिचं लक्ष नव्हतं?"

अरे देवा! त्या माणसाने एवढी सरळ कबुली दिली आणि लोकांना त्यात दिसलं काय, तर त्याचं मोठं मन.

तेवढ्यात 'घड्याळ' मागे येऊन उभं राहिलं. घड्याळ म्हणजे आमचा सुपरवायझर, कॉल तीन मिनिटांवर गेला की हजर. माझ्यासमोर सूचनांचा कागद चिकटवलेला होता. त्यातल्या 'जुन्या तक्रारींवर बोलू नये' या ओळीवर त्याने बोट ठेवलं.

"आजी," मी म्हटलं, "साहेबांना बाजूला ठेवा. झाकण नीट लावलं नाही, असं तुमची सून म्हणालीच नव्हती. आवाज आठवत नाही, एवढंच म्हणाली. बाकीचं मी लिहिलं. किटली न बघता लिहिलं. चूक माझी आहे."

त्या कडाडल्या. "लाज नाही वाटली? आठ महिने आम्ही पोरीला तिच्या आईपासून लांब ठेवलं! कुठे ते साहेब आणि कुठे तुम्ही! नाव सांगा तुमचं."

मी सांगितलं. त्यांनी दोनदा विचारून लिहून घेतलं. मग फोन तसाच चालू राहिला आणि आतलं बोलणं ऐकू आलं.

"अगं, पाणी काढलंय. जा, आज तू घाल तिला अंघोळ."

"नाही, आजी, तू!" मुलगी रडायला लागली.

"तू आधी बोट घालून बघ," तिची आई म्हणाली. "तू हो म्हणालीस तरच घेऊ."

मी फोन ठेवला.

"काय मिळवलंस?" घड्याळाने विचारलं. "उद्या तुझ्या खुर्चीवर दुसरी बसेल." चिडला नव्हता. तोही दमला होता.

"बसू दे. आजचा दिवस तर माझा आहे ना?"

बंद तक्रारींमध्ये माझ्या खुणेच्या एकसष्ट होत्या. मी सगळ्यात जुनी काढली आणि नंबर लावला. कंपनीचं नाव ऐकताच पलीकडचा माणूस खूश झाला. "अरे वा! तुमचे साहेब म्हणजे..."

"साहेब राहू देत," मी म्हटलं. "दोन वर्षांपूर्वी तुमची तक्रार मी घेतली होती."