बाईंच्या बुटांचा व्हिडिओ

मी बुटांच्या एका दुकानातला मोबाइल बोलतोय. खरं म्हणजे बोलायला मला तोंड नाही. पण मनात तरी किती दिवस ठेवायचं? म्हणून आज सांगून टाकतो.

माझ्या जन्मात सांगण्यासारखं काही नाही. कारखान्यात सरकत्या पट्ट्यावरून हजारो भावंडं खोक्यांत गेली, त्यांतला मी एक. मला विकत घेतलं ते बूट बनवणाऱ्या काकांच्या मुलीने. जाहिरातीच्या कंपनीतली चार वर्षांची नोकरी सोडून ती वडिलांचं दुकान सावरायला आली होती. मला बापापुढे ठेवून म्हणाली, "बाबा, आता हेच आपलं दुकान."

काकांनी मला उलटंपालटं करून पाहिलं आणि विचारलं, "ह्याला सोल कुठंय?"

दुकान म्हणजे एकच खोली. पण तिथले बूट साधे नव्हते. बाजारातला बूट ज्यांना होत नाही, अशांचे पाय तिथे यायचे. कुणाचा पंजा वाकडा, कुणाची बोटं नसलेली, कुणाचा एक पाय आखूड. प्रत्येकाच्या पायाचा लाकडी साचा काका करून ठेवायचे आणि त्यावर नाव न घालता नुसता आकडा घालायचे. कुणाच्या पायात काय आहे ते ह्या दाराबाहेर जाता कामा नये, हा त्यांचा शिरस्ता. मुलीला ती जुन्या माणसाची खोड वाटायची. खोटं कशाला बोलू, मलाही तसंच वाटायचं.

गिऱ्हाईक मात्र आटत चाललं होतं. लोक घरबसल्या बूट मागवायला लागले होते. नवीन माणसाला हे दुकान आहे हेच माहीत नव्हतं. असंच चाललं असतं तर वर्षभरात कुलूप लागलं असतं, हे बापलेक दोघंही जाणून होते, पण एकमेकांपुढे बोलत नव्हते.

मुलगी हुशार होती. पहिल्याच आठवड्यात तिने नकाशावर दुकानाची जागा आणि उघडायच्या वेळा बरोबर घातल्या. कुणी काही विचारलं की त्याच दिवशी स्वतः उत्तर द्यायची. काकांच्या हातांचे, चामडं कापतानाचे व्हिडिओ काढायची. पाच-दहा माणसं बघायची, त्यांतलं एखादं दुकानात यायचं. चाललं होतं ते ठीकच होतं. पण तिला घाई होती, आणि मला तिच्याहून जास्त.

गणिताच्या बाई बारा वर्षांपासूनच्या गिऱ्हाईक. त्यांचा डावा पाय सव्वा इंचाने कमी. काकांनी त्यांच्यासाठी विटकरी रंगाचे, आडव्या पट्ट्याचे बूट असे केले होते, की बाहेरून दोन्ही हुबेहूब सारखे. डाव्याच्या पोटात तेवढे बुचाचे थर. ते घालून बाई ताठ चालायच्या. शाळेत कुणाला तोवर कळलं नव्हतं.

त्या दिवशी बाई टाच बदलायला आल्या. त्यांनी बूट काढले आणि अनवाणी पायांनी, एका अंगाला झुकत, स्टुलापर्यंत गेल्या. काका खाली मान घालून टाच ठोकत होते. मी फळीवर उभा होतो. मुलीने मला हळूच सुरू केलं. टाच झाली, बाईंनी बूट घातले आणि झपझप चालत निघून गेल्या. सगळं मी टिपलं.

"लंगडत आल्या, ताठ गेल्या!" मुलीने वर लिहिलं. चेहरा कुठेच नव्हता, गुडघ्यांखालचंच चित्र. मग कुणाला काय कळणार, असा तिचा हिशेब.

अहो, काय सांगू! दुपारपर्यंत हजारोंनी पाहिलं. "मला पण असे बूट हवेत" म्हणून निरोपावर निरोप. मी आनंदाने सारखा थरथरत होतो. काकांनी विचारलं, "त्याला काय हुडहुडी भरलीय?" मुलगी म्हणाली, "बाबा, दुकान वाचलं!"

दुसऱ्या दिवशी बाई आल्या. आरडाओरडा नाही, काही नाही. म्हणाल्या, "काका, फळ्यासमोर उभी असते तेव्हा चाळीस मुलं हे बूट रोज बघतात. आज वर्गात शिरले तर मागचा बाक झुकून चालून दाखवत होता."

काकांना काही कळेना. त्यांनी मुलीकडे पाहिलं. मुलीने मला त्यांच्या हातात दिलं. आपल्याच दुकानात बाई लंगडताना त्यांनी माझ्या काचेत पाहिल्या, आणि मला फळीवर पालथा ठेवला.

"विचारलं होतंस त्यांना?"

"चेहरा नव्हता, बाबा..."

"विचारलं होतंस का?"

मुलीने नकारार्थी मान हलवली. मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं. पाहिलं कुणी होतं? मीच ना!

"माझा साचा द्या," बाई म्हणाल्या. काकांनी तो काढून दिला आणि हात जोडले.

मुलीने व्हिडिओ पुसला. पण तोवर तो कुठल्या कुठे गेला होता; मलाच त्याचा माग लागेना. ती बाईंच्या घरी जाऊन रडून आली. बाईंनी पाणी दिलं, पण पुन्हा दुकानात येते असं म्हणाल्या नाहीत.

आता आम्ही पुन्हा हातांचे आणि चामड्याचे व्हिडिओ काढतो. जुन्या गिऱ्हाइकांना सहा महिन्यांनी एकदाच निरोप जातो, "टाच झिजली असेल, दाखवून जा", आणि तोही ज्यांनी हो म्हटलंय त्यांनाच. लोक तेवढ्यावर येतात, हळूहळू येतात. नव्या तंत्राने दुकान चालतं, मी काही नाही म्हणत नाही. पण दुकानदारांनो, माझ्यासारखा एखादा तुमच्याही फळीवर उभा असेल. त्याला सुरू करण्याआधी समोरच्या माणसाला एकदा विचारा हो. आम्हाला नाही म्हणता येत नाही.

आज सकाळी दार उघडलं. बाई होत्या. साचा पिशवीत होता, बूट पार झिजलेले. दुसरा कारागीर सापडला नसावा. त्या स्टुलाजवळ थांबल्या, पण बूट काढेनात. त्यांची नजर माझ्यावर होती.

मुलगी उठली. तिने मला हातात घेतलं, बाईंना दिसेल असं धरलं आणि बंद केलं.

त्यामुळे पुढे बाई काय म्हणाल्या, त्यांनी बूट काढले की नाही, ते मला सांगता येणार नाही. मी पाहिलेलं नाही.