फक्त पुसलं होतं

माझा यशराज माझ्या हातून चार घास खातो आणि अर्पिताच्या हातून अख्खी वाटी संपवतो. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढच्या गोष्टीत माझी बाजू काही फार चांगली दिसणार नाही.

ऐरोलीतल्या आमच्या सोसायटीत मी दुसऱ्या मजल्यावर आणि अर्पिता बरोबर आमच्या डोक्यावर, तिसऱ्यावर. ती इथल्याच गावातली. सासू पुतळाबाई घरातच, त्यामुळे पोर सांभाळायला माणूस आहे, सकाळी मासळी आणायला माणूस आहे, रागवायलाही माणूस आहे. माझं माहेर आणि सासर दोन्ही साताऱ्याकडे. नवरा विश्वजित शनिवारीसुद्धा ऑफिसात. अर्पिताची मुलगी यशएवढीच, अडीच वर्षांची, आणि सर्दी म्हणजे काय तिला ठाऊक नाही. यश पाच महिने खोकतोय.

डॉक्टरांनी विचारलं होतं, "घरात ओल आहे का? दुसरीकडे गेला की खोकला कमी होतो का?"

"दुसरीकडे कुठे नेतच नाही त्याला," मी म्हटलं.

खोटं. वर अर्पिताकडे तो दोन-दोन तास खेळतो आणि एकदाही खोकत नाही. जिन्यात उभी राहून मी कान देऊन ऐकलंय. पण माझा मुलगा शेजारणीच्या घरी बरा असतो हे डॉक्टरांपुढे कबूल करायला जीभच रेटेना.

ओल होतीच. बेडरूमच्या छताच्या कोपऱ्यात ताटलीएवढा काळा डाग पडला होता. आणि त्याच्या बरोबर वर अर्पिताचं नवं बाथरूम. दिवाळीत केलेलं. समुद्री हिरव्या टाइल्स, काचेचा दरवाजा. सोसायटीच्या ग्रुपवर फोटो आले तेव्हा मी 'किती सुंदर!' लिहिलं आणि फोन गादीवर आपटला. गळती तिच्या बाथरूमचीच निघावी असं मला मनापासून वाटत होतं. नुसतं वाटत नव्हतं, मी त्याची वाट बघत होते.

विश्वजितच्या ऑफिसातल्या कुणीतरी जागृतीचा नंबर दिला. ती घरं तपासते, थर्मल कॅमेऱ्याने. भिंत न फोडता आतली ओल शोधते. आदल्या दिवशी तिचा मेसेज आला: एसी दोन तास बंद ठेवा, भिंतीला टेकलेलं सामान ओढून ठेवा, भिंतींना पाणी लावू नका.

शनिवारी सकाळी एसी बंद केला. कपाट एकटीला हलेना. मग लक्ष गेलं त्या डागाकडे. बाहेरची बाई येणार, सोसायटीचे सेक्रेटरी शहाजीकाका येणार, वरून अर्पिता येणार, आणि माझ्या मुलाच्या खोलीत बुरशी! आमच्याकडे माणसं यायची म्हटलं की आधी ओला फडका हातात येतो. झाडूच्या दांड्याला फडका बांधला, फिनेलच्या पाण्यात बुडवला आणि कोपरा खसाखसा पुसून काढला. डाग फिकट झाला. बरं वाटलं.

अर्ध्या तासात सगळे हजर. पुतळाबाईसुद्धा, नातीला घेऊन. सकाळपासून वर खेळत असलेला यश अर्पिताच्या कडेवर.

जागृती माझ्याच वयाची, पाठीवर सॅक. कॅमेरा हातात मावेल एवढा. तिने तो आधी माझ्यावर धरला आणि स्क्रीन दाखवली. मी पिवळी-लाल, नाक तेवढं निळं. पोरं खिदळली.

"हा कॅमेरा ओल दाखवत नाही हं," ती म्हणाली. "गार काय आणि गरम काय, एवढंच दाखवतो. गार का आहे ते माणसाने शोधायचं."

मग कॅमेरा कोपऱ्याकडे वळला आणि स्क्रीनवर निळा पट्टा उमटला. गडद, रुंद, छतापासून खाली हातभर. माझ्या काळजात गारेगार झालं.

"आज या भिंतीला पाणी लावलंत का?" जागृतीने विचारलं.

"नाही."

शब्द तोंडातून इतका सहज गेला की मला स्वतःलाही तो खरा वाटला. पाणी कुठे लावलं होतं? पुसलं होतं फक्त.

तिने ओल मोजायचं छोटं यंत्र भिंतीला टेकवलं. तेही ओरडलं. "वर काय आहे?"

"माझं बाथरूम," अर्पिता म्हणाली. तिचा चेहरा उतरला, आणि तो उतरलेला चेहरा मी पोटभर पाहून घेतला.

"वर जाऊन बघावं लागेल," जागृती म्हणाली. पण शहाजीकाकांना धीर नव्हता. "बघायचंय काय अजून? मशीनच बोलतंय. अर्पिता, टाइल्स फोडाव्या लागणार बाई."

मला वाटलं होतं, ती भांडेल. मी उत्तरंसुद्धा तयार ठेवली होती.

"फोडू या मग," ती म्हणाली. "पोराच्या छातीपुढे टाइल्सचं काय घेऊन बसायचं? आणि काम होईपर्यंत याला रात्री आमच्याकडेच झोपू दे. काय रे यशू, झोपशील ना?"

"हो!" यश म्हणाला. माझ्याकडे न बघता.

मला अर्पिताची दया आली म्हणून मी बोलले, असं लिहिलं असतं तर बरं दिसलं असतं. तसं झालं नाही. माझ्या डोळ्यांपुढे आलं ते वेगळंच. टाइल्स फुटतील, नव्या बसतील, आणि यश खाली आला की पुन्हा खोकेल. कारण तो निळा पट्टा माझ्या फडक्याचा असेल, तर खरी ओल दुसरीकडूनच कुठूनतरी येत राहील. मग तो पुन्हा वर. मग कायमचाच वर.

"थांबा," मी म्हटलं. "मी पुसलं होतं."

"काय पुसलं होतं?" जागृती.

"भिंत. ओल्या फडक्याने. अर्ध्या तासापूर्वी."

"मी विचारलं ना तुम्हाला!"

"तुम्ही पाणी लावलं का विचारलंत. मी पाणी नाही लावलं. पुसलं."

मग पुतळाबाईंनी कमरेवर हात ठेवले. "पुसलं म्हंजे पानी नाय का ते? मग काय अत्तर हाय? आमच्या सुनेची नवी न्हाणी फोडायला निंगाली व्हतीस गो तू!"

"आजी, चुकलं माझं."

"चुकलं म्हनं."

"आई, राहू दे ना," अर्पिता म्हणाली. ती हसत नव्हती. माझ्याकडे बघत होती, आणि तिला सगळं कळलं होतं. फडक्याचंच नाही, सगळंच. मी मान खाली घातली.

जागृतीने पंखा पाचवर केला. "तासभर सुकू दे. तोवर बाकीच्या भिंती बघते. हे कपाट का नाही ओढलं?"

"एकटीला हलत नाही."

अर्पिताने यशला खाली ठेवलं आणि कपाटाची एक बाजू धरली. दुसरी मी. दोघींनी जोर लावून ते ओढलं.

मागे भिंत नव्हतीच जणू. काळी मखमल. जागृतीने कॅमेरा धरला, तर वरच्या एसीपासून खाली जमिनीपर्यंत निळा ओघळ.

"एसीचं पाणी बाहेर नेणारी नळी भिंतीच्या आतून नेलीय. ती आतच फुटलीय. कधी बसवला?"

"यश झाला तेव्हा," मी म्हटलं. "उकडू नये म्हणून. रात्रभर चालू असतो. खिडक्या बंद ठेवून, डास येतात म्हणून."

"आणि झोपतो कुठे?"

मी कपाटाशेजारच्या पलंगाकडे बोट दाखवलं.

तासाभराने कोपऱ्यातला निळा पट्टा विरून गेला होता. उरला डाग, तो बंद खोलीतल्या दमटपणाचा, असं जागृती म्हणाली. नळी बदलून भिंत सुकायला पंधरा दिवस. तोवर मुलाला या खोलीत झोपवायचं नाही. हॉलमध्येही नाही, हॉलला तीच भिंत.

शहाजीकाका कुणाचा तरी फोन आल्यासारखं करून निघून गेले. पुतळाबाई पुटपुटत जिना चढल्या. दारात अर्पिता थांबली.

"अजून देतेस का झोपायला?" मी विचारलं. "त्याला?"

"मी कधी नाही म्हटलं?" ती म्हणाली. आवाज रुक्ष होता, आणि तो मला मिळायलाच हवा होता.

संध्याकाळी मी यशचं पांघरूण, वाफेचं मशीन, औषधाची बाटली एका पिशवीत भरून वर गेले. दार अर्पिताने उघडलं. यश आत पळाला, तिच्या मुलीच्या अंगावरच जाऊन पडला. त्याने मागे वळून पाहिलं नाही, आणि मला अजूनही तितकंच झोंबलं. एक कणभरही कमी नाही.

अर्पिताने माझ्या दुसऱ्या हाताकडे पाहिलं.

"आणि ही उशी कुणाची?"

"माझी," मी म्हटलं. "पंधरा दिवस."

"कुठे झोपणार तू?"

"त्याच्या आणि तुझ्या मधे," मी म्हटलं आणि चपला काढल्या.