विरळ माल

"उजेडासमोर धरल्याशिवाय कापडाची आणि माणसाची पारख होत नाही," असं लूममालक फखरुद्दीनशेठ भिवंडीत भेटेल त्याला सांगत. स्वतःचं कापड गिऱ्हाइकाला दाखवताना मात्र ते खिडकीचा पडदा ओढून घेत. उन्हाने रंग उडतो, म्हणत. कापड कोरं, बिनरंगाचं असे.

सत्त्याण्णव साली त्यांची बायको खदीजा पिठाचा डबा उचलायला वाकली आणि तशीच राहिली. कामतघरच्या डॉक्टर पातकरांनी पाठीचा एक्स-रे काढायला लावला. फिल्म आली ती शेठनी डॉक्टरांच्या आधी उचलली आणि खिडकीत धरली. हाताची सवय.

"बाणा कमी पडलाय," ते पुटपुटले. आडवे धागे म्हणायचं होतं त्यांना.

"माझ्यात बाणा कमी?" खदीजा बाकावरून म्हणाली. "तुमच्या अम्मीबरोबर संसार केलाय मी."

डॉक्टरांनी फिल्म काढून घेतली. "भाभी, एक मणका बसलाय."

"बसलाय तर उठेल," शेठ म्हणाले. "मंदीत सगळी भिवंडी बसली होती."

"हा नाही उठत. काळजी बाकीच्यांची आहे. मुंबईला हाडांची घनता मोजायचं मशीन आलंय. जाऊन या. दुसरा मोडायचा धोका किती, ते कळेल."

खदीजाची थोरली बहीण जैनब अशीच वाकली होती. आधी उंची गेली, मग पोक आलं, मग पलंग, आणि शेवटी नुसतं पंख्याकडे बघत पडणं. घरचे म्हणाले, वय झालं. तिची फिल्म कुणी काढलीच नव्हती.

मुंबईला मशीनचा दांडा खदीजाच्या अंगावरून हळूच सरकत गेला. दुखलं काहीच नाही. त्याचीच तिला जास्त भीती वाटली. रिपोर्ट घेऊन दोघं पुन्हा पातकरांकडे आले.

"हाडं फारच विरळ झालीत," डॉक्टर म्हणाले. "धोका बराच आहे."

"जैनबसारखा?"

"मशीन तारीख सांगत नाही, भाभी. गोळ्या घ्या, रोज चाला. वजन उचलू नका. आणि कमरेतून वाकायचं नाही."

शेठनी घसा साफ केला. विरळ मालाचं काय करायचं, हे त्यांच्याइतकं गावात कुणाला ठाऊक नव्हतं. "खळ देऊन नाही चालायचं? कडक होतं."

"दिसतं कडक. धुतल्यावर?"

हा प्रश्न गिऱ्हाइकं नेहमी विचारत. शेठकडे उत्तर तयार असे. आज त्यांनी रिपोर्टची घडी घालून खिशात ठेवली.

घरी आल्यावर खदीजा पलंगाच्या कडेवर ताठ बसून राहिली. शिंक आली तीही तिने दाबून धरली. न जाणो, शिंकेनेच एखादा मणका बसायचा. शेठ खोलीत येरझारा घालू लागले.

"मोठा डॉक्टर गाठू. स्वयंपाकाला बाई ठेवू. वेळ आली तर लूम विकीन, पण तुझी जैनब होऊ देणार नाही. डब्याला हात लावायचा नाहीस. या घरात तुला काही म्हणजे काही कमी पडणार नाही, अल्लाची कसम."

आवाज चिरकला म्हणून ते थांबले. इतकं ते खदीजाशी निकाहनंतर एका दमात कधी बोलले नव्हते. तिने सगळं ऐकून घेतलं.

"सादिकच्या अब्बा," ती म्हणाली, "लूम नंतर विका. माझी चप्पल पलंगाखाली गेलीय, तेवढी काढून द्या. मला कधीची बाथरूमला जायचंय."