पश्चिमेची भिंत

आयव्हर बेडोजला सोमवारपासून खुर्ची टोचत होती. गुरुवारी कौन्सिलची बाई त्याचं जुनं कोठार बघायला येणार होती. तिने मान डोलावली, की त्याची मुलगी हेस्टर टेलफर्डमधल्या भाड्याच्या खोल्या सोडून दोन लेकरांसकट कोठारात घर थाटणार. नाही म्हणाली, तर श्रॉपशरच्या त्या टेकडीवर म्हातारा आणि त्याची मेंढरं, बस्स. तिथल्या रानात नवं घर कुणाला बांधू देत नाहीत. परवानगी मिळालीच तर उभ्या असलेल्या जुन्या इमारतीचं घर करायची.

हेस्टरने फोनवर दहादा बजावलं होतं, की कशाला हात लावू नका. त्याने हो हो म्हटलं. पण या माणसाने चाळीस वर्षं दूध विकलेलं. तपासनीस येणार म्हटलं की आदल्या दिवशी गोठ्याला चुना फासायचा, हे त्याच्या हाडीमाशी भिनलेलं. सरकारी माणूस येतो तो खोड काढायलाच, ही त्याची पक्की समजूत.

सोमवारी त्याने कोठार झाडलं. मंगळवारी दारांच्या बिजागऱ्यांना तेल घातलं. तरी पायाची भिंगरी थांबेना. चहा ओतायचा, तो निवायचा, हा आपला पुन्हा कोठारात. आणि दर फेरीला पश्चिमेची भिंत पोट पुढे काढून त्याच्यासमोर उभी. इंजिनियरने ती भक्कम असल्याचं लिहून दिलं होतं, पण इंजिनियरला काय लाज? बाई काय म्हणेल?

बुधवारी सकाळी त्याने छपराला टेकू दिले आणि पहार उचलली. संध्याकाळपर्यंत भिंत खाली आली, दगड लहानमोठे निवडून रचले गेले. गुरुवारी उजाडल्यापासून त्याने ओळंबा लावून चार थर सरळ चढवले. कंबर मोडली होती, पण गडी खूश होता.

दहाला हेस्टर आली आणि पाठोपाठ कौन्सिलची मिस पार्जेटर. भिंतीची जागा बघून हेस्टरचा चेहरा पांढराफटक पडला. मग तिने घाईघाईने सांगून टाकलं, की परवाच्या वाऱ्यात भिंत कोसळली.

मिस पार्जेटरने म्हाताऱ्याकडे पाहिलं. "वाऱ्याने पडली का, मिस्टर बेडोज?"

"माझ्या आजोबांनी बांधलेली भिंत वाऱ्याने पडते होय? मी उतरवली. तुम्ही येणार म्हणून सरळ करतोय."

बाईने पेनाला टोपण लावलं. तिलाही बोलणं जड जात होतं. जुनी भिंत होती तोवर हे कोठाराचं घर करणं होतं, आता एक अख्खी बाजू नवी म्हटल्यावर हे नवं बांधकाम धरावं लागेल, आणि त्याला इथे परवानगी नाही, असं तिने समजावून सांगितलं.

"वाकडी चालली असती?" आयव्हरने विचारलं.

"वाकडीच चालली असती."

तिची गाडी उतारावरून गेली. हेस्टर रचलेल्या दगडांवर बसली होती. रागवायचंही त्राण तिच्यात उरलं नव्हतं.

"एक दिवस, बाबा. एक दिवस नुसते बसून राहिला असतात तर?"

आयव्हर मातीने भरलेले हात पँटला पुसत राहिला.

"तू राहायला येणार होतीस ना," तो म्हणाला. "बसवेचना मला."