सटवाईची दुसरी रेघ

पट्टीवर दुसरी रेघ उमटली आणि टिनशेडातल्या सगळ्या बाया हात जोडून उभ्या राहिल्या.

धामणगाव बढ्याच्या बाहेर, बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगच्या आवारात दर रविवारी आणि गुरुवारी हा दरबार भरायचा. मोताळ्याहून, नांदुऱ्याहून जीपा भरभरून बाया यायच्या. सासू पुढे, सून मागे, आणि नवरे बाहेर कडुलिंबाखाली तंबाखू मळत बसलेले. आत उंच चौरंगावर महाराज. त्यांना सगळे पाचवीवाले महाराज म्हणत. ते आले कुठून हे कोणालाच नक्की माहीत नव्हतं आणि विचारायची कोणाची टापही नव्हती. त्यांच्यासमोर पाटा-वरवंटा, हळदीकुंकू आणि चांदीच्या डबीत पांढरंशुभ्र भस्म.

विधी अगदी साधा. बाईने पितळी वाटी घेऊन पडद्यामागे जायचं आणि लघवी घेऊन यायचं. महाराज वाटीत चिमूटभर भस्म सोडत, डोळे मिटून ओठ हलवत आणि मेडिकलमध्ये मिळते तसली गरोदरपणाची पट्टी तीत बुडवत. पण तिला पट्टी म्हटलेलं त्यांना खपायचं नाही. "ये कपालपट्टी है," ते बजावत. "पहिली रेघ माणसाची, दुसरी सटवाईची. सटवाईने लेख लिहिला की डॉक्टरच्या बापालाही तो पुसता येत नाही."

आज ती दुसरी रेघ कोकिळाच्या पट्टीवर उमटली होती. कोकिळा धामणगावचीच सून. घरी शिवणक्लास चालवायची. नवरा गणेश, त्याचं बियाणं-औषधांचं कृषी केंद्र. लग्नाला इतकी वर्षं झाली होती की क्लासमधून शिकून गेलेल्या पोरी आता आपल्या लेकरांची झबली शिवायला तिच्याकडे यायच्या. ती गुलाबी रेघ तिने पुन्हा पुन्हा पाहिली. खोटं कशाला बोला, तिला आनंद झाला, छातीत मावेना एवढा झाला. सासू तानुबाई तर तिच्यावरून बोटं ओवाळून तिथेच रडायला लागली.

महाराजांनी पट्टी कपाळाला लावली आणि सहज आठवल्यासारखं विचारलं, दवाखाना चालू आहे का. तानुबाईने भाबडेपणाने सगळं सांगून टाकलं. अकोल्याच्या दवाखान्यात सुनेचा गर्भ पाच दिवस काचेत वाढवलाय, मग गोठवून ठेवलाय, आणि येत्या शनिवारी तो पोटात सोडायचाय. महाराजांच्या भुवया वर चढल्या.

"पाच दिवस काचेत? म्हणजे त्याची पाचवी तिथेच झाली. ती पुजली कोणी?"

तानुबाईचा चेहरा उतरला. हाच प्रश्न तिचा जीव खात होता.

"न पुजलेल्या पाचवीचं लेकरू कोऱ्या कपाळाचं असतं, माई," महाराज म्हणाले. "ते पोटात सोडाल तर आजचा हा लेख खाऊन टाकील. गोळ्या बंद, दवाखाना बंद. गुरुवारी या. लेख पक्का करू, मुलगा की मुलगी तेही सांगू."

आता महाराजांचा नेम इतका अचूक कसा लागला? आपल्याकडे बाळ जन्मलं की पाचव्या दिवशी पाचवी पुजतात. पाट्यावर हळदीकुंकू वाहतात, शेजारी कोरा कागद आणि पेन ठेवतात. सटवाई येऊन बाळाच्या कपाळी त्याचं नशीब लिहून जाते, अशी समजूत. तानुबाईने गावातल्या कितीतरी बाळांच्या पाचव्या हौसेने पुजल्या होत्या, एक घरचीच तेवढी राहिली होती. इकडे कोकिळाच्या पोटात आधी दोनदा तिसऱ्या दिवसाचा गर्भ सोडला होता आणि दोन्ही वेळा तो राहिला नव्हता. म्हणून या खेपेला अकोल्याच्या डॉक्टर शाहीनने गर्भ पाचव्या दिवसापर्यंत बाहेरच वाढू दिले. सुरुवातीला बरेच होते, पण पाचव्या दिवसापर्यंत एकच तगला. कोकिळाने हे सगळं घरी समजावून सांगितलं, पण तानुबाईच्या डोक्यात पाचवा दिवस तेवढा रुतून बसला.

तिने दवाखान्यात नर्सला विचारलंही होतं, बाई, याची पाचवी कोणी पुजली. नर्स फिसकन हसली आणि पुढच्या पेशंटकडे वळली. त्या एका हसण्याने महाराजांचं अर्धं काम फुकटात करून ठेवलं होतं.

घरी आल्या आल्या तानुबाईने दवाखान्याच्या गोळ्यांचं पाकीट उचललं आणि कुठेतरी दडवलं. शेजारणींना साखर वाटून झाली. कोकिळाही हसत होती. तिला ते खरं हवं होतं, इतकं हवं होतं की तिने मनाला एकही प्रश्न विचारू दिला नाही. संध्याकाळी अंगणातली पाणी तापवायची चूल सारवायला घेतली तेव्हा चिमूटभर राख बादलीत पडली. पडली ती पाण्यावर पसरून तरंगत राहिली.

कोकिळाचा हात थांबला. महाराजांचं भस्म तर वाटीत पडताच नाहीसं झालं होतं. तवंग नाही, गाळ नाही, काही नाही. पांढरी भुकटी अशी पाण्यात नाहीशी होताना तिने आधी एकदा पाहिली होती. काचेत गर्भ वाढवायला पोटातली अंडी काढतात, त्याच्या आधी घ्यायचं इंजेक्शन असतं, त्याच्या इवल्या बाटलीच्या तळाशी. तेव्हा डॉक्टर शाहीनने तिला दटावून सांगितलं होतं, "यानंतर काही दिवस घरी पट्टी लावू नकोस. गरोदर बाईच्या लघवीत जे असतं तेच या बाटलीत आहे. पट्टीला बाई ओळखता येत नाही, तिला तेवढंच ओळखता येतं."

सकाळी तिने मेडिकलमधून आणलेली पट्टी स्वतःच्या वाटीत बुडवली. भस्माशिवाय. एकच रेघ आली. कितीही वेळ बघितलं तरी एकच.

न्हाणीत बसून ती पोटभर रडली. मग तिने तोंड धुतलं, आणि मग तिला राग आला. दोनदा गर्भ राहिला नाही तेव्हाही असा राग आला नव्हता. नशिबावर रागावून करायचं काय? पण हे नशीब नव्हतं, हा चौरंगावर डबी घेऊन बसलेला धडधाकट माणूस होता. तिने स्वयंपाकघरातले सगळे डबे उपसले, तुरीच्या डाळीत पुरलेल्या गोळ्या काढल्या आणि एक गोळी सासूच्या डोळ्यांदेखत गिळली. तानुबाईने कपाळावर हात मारला आणि त्या दिवशी जेवली नाही.

गणेशने आधी अंग काढून घेतलं. म्हणाला, घरची पट्टी खराब असंल, मायचा जीव त्या लेखात अडकलाय, गुरुवारपर्यंत थांबू.

"गोळ्या थांबवल्या तं पिशवीचं आतलं अस्तर टिकत नाई," कोकिळा म्हणाली. "मंग शनिवारी तो गर्भ ठेवाचा कुठी? एकच हाय आपल्यापाशी. तुमी दिवसभर दुकानात पान्यात इरघळनारी पावडर इकता. मले सांगा, राख इरघळते का?"

गणेशने अंगणातल्या चुलीकडे बघितलं. मग हळूच म्हणाला, "नाई इरघळत."

त्यावर गुरुवारी काय करायचं ते तिने सांगितलं. ऐकून त्याचे कान लाल झाले.

"तू मले काय काय कराले लावशीन, कोकिळे."

"मी एवढी वर्षं सुया टोचून घेतल्या," ती म्हणाली. "तुमाले एक बाटली भराची हाय."

गुरुवारी शेड गच्च भरलं होतं आणि तानुबाई पुढे पाट्याशेजारी बसली होती. कोकिळा पदराखाली औषधाची धुतलेली बाटली लपवून पडद्यामागे गेली, ती वाटीत रिकामी केली आणि खाली मान घालून बाहेर आली. महाराजांनी भस्म सोडलं, ओठ हलवले, पट्टी बुडवली. दुसरी रेघ झरझर चढली, रविवारपेक्षाही ठसठशीत. महाराज प्रसन्न झाले. त्यांनी पट्टी उजेडात धरून वाचली, जणू काही तिच्यावर ओळी लिहिल्या होत्या. लेख पक्का. मुलगा. गोरापान, बुद्धीने तल्लख, पायगुण असा की घरात काही कमी पडणार नाही. फक्त गरोदर बाईने जड उचलू नये आणि आंबट खाऊ नये.

कोकिळाने दाराकडे वळून नवऱ्याला हाक मारली. बाहेरचा पुरुष आत आला म्हणून बाया पदर सावरू लागल्या. गणेश घामाघूम झाला होता, पण उभा राहिला.

"महाराज, वाटीतली लघवी माही होती," तो म्हणाला. "आता मले कितवा महिना लागला ते सांगा."

मागे कोणीतरी खुदकन हसलं आणि हसू सगळ्या शेडभर पसरलं. महाराजांची भंबेरी उडाली, पण असली माणसं पडली तरी नाक वर. ते म्हणाले ही मायेची लीला आहे, नवऱ्याच्या अंगी बायकोचा लेख उतरतो, शास्त्रात आहे. कोणत्या शास्त्रात ते नाही सांगितलं. मग आवाज चढवून म्हणाले, सटवाईची परीक्षा घेणाऱ्या बाईची कूस सात जन्म उजवत नाही.

कोकिळा जागची हलली नाही. "सात जन्माचं कशाले, याच जन्मातलं बोला," ती म्हणाली. "तुमच्या डबीत राख नाई, इंजेक्शनची भुकटी हाय. ती पडली की पट्टी दोन रेघा दाखवते, वाटी कोनाचीबी असो. मी ते इंजेक्शन घेतलं हाय, मले शिकवू नका."

तेवढ्यात करिष्मा उठली. रोहिणखेडची सून, नव्या लग्नाची. उन्हाळ्यात तिच्याही पट्टीवर रेघ आली होती, आणि पुढे पाळी आली तेव्हा महाराजांनी सांगितलं होतं की हिने वांगं खाल्लं, देवाचं लेकरू हिनेच गमावलं. सासरी तेव्हापासून तिचं तोंड कोणी बघत नव्हतं.

"मंग मी काई गमावलंच नोतं?" तिने विचारलं. "पोटात काई नोतंच?"

महाराजांनी तिच्याकडे बघितलंही नाही. पण तानुबाईने बघितलं. ती म्हातारी आतापर्यंत पाट्याशेजारी दगडासारखी बसून होती. ती उठली, चौरंगावरची डबी उचलली, दाराजवळच्या माठातलं पाणी कोऱ्या वाटीत ओतलं आणि महाराजांच्याच गठ्ठ्यातली पट्टी काढून आधी नुसत्या पाण्यात बुडवली. एक रेघ. मग तिने चिमूटभर भस्म टाकलं आणि दुसरी पट्टी बुडवली. सगळ्या बाया वाकून बघत होत्या. दोन रेघा.

"माठालेही दिवस गेले," तानुबाई म्हणाली. हसली मात्र नाही. तिने डबीचं झाकण लावलं, ती पदरात बांधली आणि महाराजांसमोर उभी राहिली. "माह्या सुनेचं एकुलतं एक तू फेकाले लावत होता. मी फेकलं असतं. माह्या हातानं फेकलं असतं."

महाराज मागच्या दाराने गाडीकडे निघाले तर तिथे कडुलिंबाखालचे नवरे उभे. कोणी हात उगारला नाही, कोकिळाने तशी तंबीच दिली होती. मारलं तर उद्या तो हुतात्मा होईल, म्हणाली, त्याला पोलिसांसमोर भस्माची चिमूट टाकू द्या. जादूटोण्याविरुद्धचा कायदा आहे, तो अशाच माणसांसाठी आहे. तक्रारीवर पहिली सही करिष्माने केली.

शनिवारी नांदुऱ्याहून गाडी पकडून तिघं अकोल्याला गेली. डॉक्टर शाहीनने सगळं ऐकून घेतलं आणि आधी तानुबाईची माफी मागितली. त्या दिवशीच्या प्रश्नाला आम्ही उत्तर द्यायला हवं होतं, म्हणाल्या. मग तिला कॉम्प्युटरच्या पडद्यासमोर बसवून तो गर्भ दाखवला. पाण्याच्या थेंबासारखा गोल, आत एका कडेला पेशींचा गोळा. त्यांनी सांगितलं की तिसऱ्या दिवसापर्यंत गर्भ बराचसा आईच्या अंड्यातल्या शिदोरीवर जगतो, पुढे त्याला स्वतःच्या बळावर वाढावं लागतं. म्हणून पाचव्या दिवसापर्यंत पोचलेला गर्भ पोटात रुजण्याची आशा जास्त. आणि आपोआप गर्भ राहतो तेव्हाही तो आधी आईच्या पोटातल्या नळीतच असतो, गर्भपिशवीत साधारण पाचव्या दिवशीच येतो.

"आम्ही त्याला त्याच्या वेळेला घरी सोडतो, एवढंच," डॉक्टर म्हणाल्या. "रुजेल की नाही ते मी आज सांगू शकत नाही. सांगितलं तर मीही त्या महाराजासारखीच."

तानुबाई पडद्याकडे बघत राहिली. "म्हंजे याची पाचवी झालीच नाई अजून," ती म्हणाली. "ती मी पुजीन, जन्मल्यावर. आन् नाई जन्मलं, तरी माह्या सुनेले कोनी बोलाचं नाई." हे ऐकून कोकिळा पहिल्यांदाच सासूच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली.

आता तुम्ही विचाराल, मग गर्भ राहिला का? ते सांगणार नाही. राहिला म्हटलं तर तुमच्यातले अर्धे कोणत्या तरी देवाला त्याचं श्रेय द्यायला निघतील. नाही राहिला म्हटलं तर बाकीचे म्हणतील, महाराजांचं ऐकायला हवं होतं. महाराज खोटा होता तो कोकिळाची कूस उजवली म्हणून किंवा नाही उजवली म्हणून नव्हे. तो खोटा होता कारण त्याच्या डबीत भुकटी होती आणि माठावरही दोन रेघा आल्या. डॉक्टरचं खरं "माहीत नाही" ऐकायला छाती लागते, आणि ती छाती धामणगावच्या एका शिवणक्लासवालीकडे होती. तुमच्याकडेही असेल. तुमच्या गावात असा कोणी आलाच तर त्याच्या पाया पडण्याआधी त्याची राख नुसत्या पाण्यात टाकून बघा. आणि ती विरघळली, तर सगळ्यांसमोर उभं राहून कारण विचारा, काऊन?