कामापुरतं कुंकू

चिखलोलीच्या नव्या इमारतींसमोर मी रिक्षा थांबवली, तेव्हा संजीवनीताई माझ्या आरशात बघून कपाळाला कुंकू लावत होत्या. मी गुप्तचर खात्यातला माणूस, रिक्षा हे माझं सोंग, आणि या बाई माझ्या वरिष्ठ. पन्नाशी कधीच ओलांडलेली, गुडघे दुखतात, पिस्तूल वापरत नाहीत. खात्यातली नवी पोरं त्यांना बघून गालात हसतात. एकदा त्यांच्याबरोबर कामावर गेली की हसणं बंद होतं.

नवरा गेल्यापासून त्यांचं कपाळ मोकळंच असे. मी बघतोय हे त्यांनी ओळखलं.

"कामापुरतं आहे रे, कैलास," त्या म्हणाल्या.

समोरच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर आमचा जयदेव डांबलेला होता. संरक्षण कारखान्याचे नकाशे परदेशात विकणाऱ्या टोळीत तो उल्हासनगरच्या कॅम्प तीनमधल्या एका जीन्सच्या वर्कशॉपमधून शिरला होता, आणि आदल्या दिवशी त्याचं बिंग फुटलं. अंधार पडला की ते त्याला हलवणार, मग तो जिवंत सापडणं कठीण. त्याची बायको भारती कुळगावला फोन हातात धरून बसली होती.

"फोर्स मागवू ना, ताई. दार तोडून टाकू."

"दार तुटेपर्यंत ते त्याला ठेवतील काय? दार त्यांनीच उघडायला पायजे. चल, वाणाची पिशवी तू घे, नारळाची मी घेते."

संक्रांतीचे दिवस. हळदीकुंकवाचं आमंत्रण करत फिरणाऱ्या बाईला कोण अडवणार? गेटवरच्या टोळीच्या माणसाने तर तिळगूळ मागून घेतला. वाणाच्या वाट्यांखाली माझं पिस्तूल होतं.

दार बोटभर उघडलं, साखळी तशीच. फटीतून टोळीतली रोहिणी दिसली, फोटोत पाहिलेली.

"आमंत्रण नको. घरात पेशंट आहे."

"नको येऊस. पण सवाष्ण दारात आली, कुंकू तरी घे." ताईंनी करंडा उघडला आणि थांबल्या. "उंबऱ्याबाहेरून लावू? तुझ्या घरच्यांना चालेल ना?"

देशाचे नकाशे विकणारी बाई, पण उंबऱ्याबाहेरून कुंकू घ्यायचं नाही हे तिलाही लहानपणी कुणीतरी बजावलं असणार. तिने साखळी काढली. "या, पण पटकन." दोन पावलं मागे सरून तिने मान वाकवली आणि डोळे मिटले.

ताईंनी आधी तिला कुंकू लावलं. खरंच, नीट गोल लावलं. मग मनगट धरून तिला माझ्या अंगावर ढकललं आणि आत घुसल्या. सोफ्यावरचा जाड्या पिस्तूल उचलतोय तोवर करंड्यातली सगळी हळद त्याच्या डोळ्यांत गेली. दुसरा आतल्या खोलीतून धावत आला. ताईंच्या हातातली नारळाची पिशवी गरकन फिरली आणि त्याच्या कानशिलावर बसली. पडता पडता त्याने झाडलेली गोळी पंख्याला लागली. रोहिणीला जिन्याच्या कठड्याला बेडी घालून मी आत आलो आणि हळदीने माखलेल्या जाड्यावर पिस्तूल रोखलं. माझा पराक्रम एवढाच.

जयदेव खुर्चीला बांधलेला होता. ताईंनी त्याच्या तोंडावरची पट्टी सोडली.

"जेवलास का?" त्यांनी विचारलं.

जिना उतरताना त्यांनी पदराने कपाळ पुसून टाकलं. एवढं करून दाखवलेल्या बाईने ते असं चोरून पुसावं, याचा मला मनापासून राग आला.

रथसप्तमीला भारतीकडे हळदीकुंकू होतं. ताई आल्या, पण बाहेर गॅलरीत आम्हा पुरुषांत चहा पीत बसल्या. भारती करंडा घेऊन तिथेच आली.

"अगं, मला लावत नाहीत," ताई म्हणाल्या. "आत जा, बायका खोळंबल्यात."

"थांबतील त्या. हे घरी आले ते तुमच्यामुळे. पहिलं तुम्हाला लावणार."

रिक्षात पेंगतानाही या बाईचा एक डोळा उघडा असतो. पण त्या दिवशी त्यांनी कप खाली ठेवला, मान वाकवली आणि दोन्ही डोळे मिटले.

परत जाताना त्यांनी माझ्या आरशात पाहिलं. पदर हातात घेतला, खांद्यावर सारखा केला, आणि मला म्हणाल्या, "चल, उशीर झाला."